पत्र वाचलंत कुठे?

बसा. वह्या मिटा, मोबाइल दप्तरात टाका. मागच्या बाकावरच्यांनी पुढे यायचं. आज धडा नाही. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात.

हा गठ्ठा ओळखीचा आहे ना? अकरावीच्या ४३ पोरापोरींचे कागद. काल रात्री साडेअकरापर्यंत वाचत बसले होते. पहिला कागद उघडला, पहिलं वाक्य : प्राचीन काळापासून स्त्रीला दुय्यम स्थान होते. दुसरा उघडला, तेच. दहावा, तेच. विसाव्या कागदापर्यंत मी आशा धरून होते. ३१ जणांनी हेच वाक्य लिहिलंय, आणि त्यातल्या १९ जणांचा पुढचा परिच्छेदही शब्दाला शब्द एक आहे. कुणी मोबाइलवरून उतरवलं आणि कुणी शेजाऱ्याचं उतरवलं, याची चौकशी मी करणार नाही. मला त्याहून मोठी चूक दिसली आहे. तुमच्यातल्या बहुतेकांनी पत्र वाचलेलंच नाही. वरचं नाव वाचलंत. सावित्रीबाई हे नाव दिसलं, की ३ जानेवारीच्या जयंतीच्या भाषणातलं जे पाठ होतं ते कागदावर ओतलंत आणि मोकळे झालात.

मी काय दिलं होतं? दोन पत्रं. एक सावित्रीबाई फुल्यांचं, १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून जोतिबांना लिहिलेलं. दुसरं अबिगेल अ‍ॅडम्स नावाच्या अमेरिकन बाईचं, ३१ मार्च १७७६ चं, ब्रेनट्री गावाहून नवऱ्याला लिहिलेलं. ते दुसरं मी स्वतः मराठीत उतरवलं, स्टँडवर जाऊन ४३ झेरॉक्स काढल्या आणि एकेकाच्या हातात दिल्या. आठ दिवसांची मुदत दिली. प्रश्न एवढाच होता, की या दोन पत्रांतून त्या काळातल्या बाईचं घरातलं आणि बाहेरचं काम, तिची जागा, तिचं म्हणणं काय कळतं. कळतं म्हणजे पत्रातून कळतं. तुम्हाला आधीपासून काय वाटत होतं ते मी विचारलं नव्हतं.

आता पत्र समोर घ्या. मी विचारते, सांगा. हे पत्र लिहिताना सावित्रीबाई नायगावला का होत्या?

बघा, सगळे गप्प. पत्राच्या सुरुवातीलाच आहे ते. त्या आजारी होत्या. माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावला, दुखणं काढायला गेल्या होत्या. वय वर्षं २५. आता कुठे बरं वाटायला लागलं होतं. आणि त्यांची शुश्रूषा कोण करत होतं? भाऊ. त्याने जिवापाड कष्ट घेतले, तो किती मायाळू आहे, हे त्या आवर्जून नवऱ्याला कळवतात.

हा भाऊ तुमच्यापैकी किती जणांच्या कागदात आहे? ६ जणांच्या. आणि त्या सहांपैकी चार जणांनी त्याला जुन्या विचारांचा दुष्ट भाऊ म्हणून टाकलं आहे. इथे मला राग आला. दुष्ट कुठून आणलात? त्या माणसाने बहिणीचं आजारपण काढलं. तोच एके दिवशी बोलता बोलता बहिणीला म्हणतो, की तुम्हा नवराबायकोला जातीने वाळीत टाकलं ते योग्यच झालं, कारण तुम्ही महारामांगांसाठी राबता, घराण्याला बट्टा लावता. जातीच्या रीतीने वागा, भटजी सांगेल ते ऐका. ज्या हाताने औषध दिलं त्याच हाताने हे वाढलं. आई तिथेच आहे. तिला मुलाचं बोलणं लागलं. ती त्याच्यावर ओरडत नाही, पण देवाने चांगली जीभ दिली आहे, ती अशी वापरू नये, एवढं त्याला ऐकवते.

आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. तुमच्या घरातलं आणा, मी सांगते म्हणून. दुखण्यातून नुकती उठलेली मुलगी. माहेरचं घर. सासरी परत जायचं आहे, पण अंगात बळ नाही. ज्याच्या घरात आपण पडून आहोत, ज्याने रात्री जागून काढल्या, त्याच भावाशी वाद घालायचा आहे. गप्प बसणं किती सोपं होतं! चार दिवसांनी पुण्याला निघून गेलं की झालं. ती गप्प बसत नाही. ती त्याला म्हणते, की तू गाय-बकरीला कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारखीच माणसं असलेल्या महारामांगांचा विटाळ मानतोस, याचं कारण मला सांग. तेवढ्यावर थांबत नाही. सोवळ्यातला ब्राह्मण तुझाही विटाळ मानतो, तुलाही तो महारच समजतो, हेही ऐकवते. भावाचं तोंड लाल होतं. विचार करा, हे त्याच्या घरात, त्याच्याच तोंडावर बोललेलं आहे. भाषणाचं स्टेज नाही, माईक नाही, टाळ्या नाहीत.

आणि मग भाऊ काय म्हणतो? हे वाक्य तुमच्यातल्या एकानेही पकडलेलं नाही. तो म्हणतो, तुम्ही त्यांना कशाला शिकवता, लोक तुम्हाला नावं ठेवतात, ते मला सहन होत नाही.

पेन घ्या आणि त्याच्याखाली रेघ मारा. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तिचं उत्तर बघा. न शिकणं म्हणजे पशूसारखं राहणं, असं ती सांगते. ब्राह्मणांचा मोठेपणा विद्येमुळे आहे, हे सांगते. तुझ्यासारखा माझा नवरा नुसता देवाचं नाव घेत वाऱ्या करत नाही, देवाचंच काम करतो, हे सांगते. सरकारने त्यांचा सत्कार केला होता, त्याची आठवण देते. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात तो समारंभ झाला होता. आणि आम्ही दोघंही शिकवतो, असं ती सांगते. दोघंही! तुमच्यातल्या १४ जणांनी लिहिलंय की सावित्रीबाईंनी जोतिबांच्या मार्गदर्शनाखाली कार्य केले. मार्गदर्शन हा शब्द या पत्रात कुठे आहे ते मला दाखवा. जोतिबांचं कौतुक तिच्या लेखणीतून ओसंडून वाहतंय, ते मी नाकारत नाही. नवऱ्याला ती देवमाणूस मानते. पण स्वतःच्या कामाबद्दल ती असंही लिहिते, की मी त्यांना मदत करते आणि या कामात मला अपार आनंद आहे. हा आनंद तुमच्या एकाही कागदात नाही. तुम्ही त्याग लिहिला, कष्ट लिहिले, अंगावर शेण झेललं ते लिहिलं. शेणाचा या पत्रात उल्लेख नाही. ते तुम्ही भाषणातून आणलंत. आणि जो आनंद कागदावर शाईने लिहिलेला होता तो तुम्हाला दिसला नाही.

फातिमा. कुणी लिहिलं फातिमाबद्दल? दोघींनी. बाकीच्यांनी? मी माहेरी पडून आहे, फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं ती लिहिते. एका ओळीची गोष्ट आहे, म्हणून सोडलीत. पोरांनो, फातिमा शेख या शिक्षिकेबद्दल आपल्या हाताशी जे थोडके पुरावे आहेत त्यातला ही ओळ एक आहे. एक बाई आजारी पडली म्हणून दुसऱ्या बाईवर भार पडला, आणि पहिलीला अंथरुणावर पडल्या पडल्या त्याची काळजी वाटली, एवढं त्या ओळीत आहे. ती कुरकुर करणार नाही असं लिहायला किती सहवास लागतो! इतिहासात बायकांचं काम असंच सापडतं, दुसऱ्या कशाबद्दल तरी लिहिलेल्या पत्राच्या कोपऱ्यात. आणि तुम्ही कोपरा वाचत नाही.

आता अजून एक. पत्राच्या शेवटी भाऊ वरमतो, माफी मागतो. आई म्हणते, तुझ्या तोंडून देवच बोलतो. यावर एका मुलाने लिहिलंय, की यावरून सिद्ध होते की भावाचे मतपरिवर्तन झाले. बाळ, सिद्ध कसं झालं? भावाचं पत्र आहे का आपल्याकडे? त्याने पुढे आपल्या गावात कुणाला शिवून घेतलं, कुणाला ओसरीवर बसवलं, याची नोंद आहे का? आपल्याकडे बहिणीची साक्ष आहे. ती खरी धरावी असं मलाही वाटतं. पण ही साक्ष नवऱ्याला धीर देण्यासाठी लिहिलेल्या पत्रातली आहे, हे नोंदवायला हवं. इथेही पुण्यासारखेच लोकांची मनं नासवणारे आहेत, पण त्यांना भिऊन काम सोडायचं कशाला, यश आपलंच आहे, या सुरावर ती पत्र संपवते. म्हणजे हे पत्र बातमी देतं, तसंच ते पुण्यात लोकांच्या शिव्या खात बसलेल्या माणसाच्या पाठीवर हातही ठेवतं. बायकोने नवऱ्याचा धीर वाढवला, हेसुद्धा त्या काळातल्या बाईचं कामच होतं. ते लिहायला काय झालं होतं?

आणि हे पत्र आपल्यापर्यंत पोचलं कसं, हे कुणी लिहिलं? नाही. ते ज्यात आहे ते, मा. गो. माळींनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय १९८८ मध्ये छापून आलं. लिहिल्यापासून १३२ वर्षांनी. साधन कुठलं, कुणी जपलं, कुणी छापलं, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा विचारायचं असतं. जूनमध्ये सांगितलं होतं. दिवाळीनंतर परत सांगितलं.

तीन जणांनी तर दुसऱ्याच पत्राची सरमिसळ केली आहे. गणेश आणि सारजा यांची हकिकत १८६८ च्या पत्रातली आहे. ब्राह्मण मुलगा, महाराची मुलगी, तिला दिवस गेलेले, आणि गाव दोघांना मारायला निघालेलं. मी ते पत्र दिलंच नव्हतं. आणि दिलं नसलं तरी चूक लिहायचं नाही. सावित्रीबाईंनी गावकऱ्यांना विनंती केली, असं लिहिलंय एकाने. विनंती केली नाही. धावत गेल्या आणि इंग्रजी कायद्याने याचा परिणाम काय होईल ते सांगून जमावाला दरडावलं. तुम्हाला बाई म्हटलं की विनंतीच सुचते, हा दोष तिच्या पत्राचा नाही.

आता अबिगेल.

२७ जणांनी लिहिलं, की अबिगेलने स्त्रियांना मतदानाचा हक्क मागितला. मतदान हा शब्द मी दिलेल्या कागदावर दाखवा. नाही. तिने मत मागितलं नाही. तिचा नवरा जॉन फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये बसला होता, इंग्लंडपासून वेगळं व्हायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि नवे कायदे करावे लागणार हे तिला दिसत होतं. तेव्हा ती लिहिते, की त्या कायद्यांत बायकांचा विसर पडू देऊ नका, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता ठेवू नका. नाहीतर ज्या कायद्यात आमचं म्हणणं नाही तो आम्ही मानणार नाही, बंड करू. तिचं मागणं घराच्या उंबऱ्याच्या आतलं होतं. तिकडच्या त्या वेळच्या कायद्याने लग्न झालं की बाईचं वेगळं अस्तित्व संपायचं. तिची कमाई नवऱ्याची, तिचा पैसाअडका नवऱ्याचा, करार करायचा तर नवऱ्याच्या नावाने. तिने त्या गाठीवर बोट ठेवलं. मतदान तुम्ही घातलंत, कारण हक्क म्हटलं की मतदान असं तुम्हाला कुणीतरी शिकवलं. तिथल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये. त्या पत्रानंतर १४४ वर्षांनी.

नवऱ्याने काय उत्तर दिलं? १४ एप्रिलला त्याने लिहिलं, की तुझे कायदे वाचून मला हसू आवरलं नाही. हे मी खाली टीप म्हणून दिलं होतं. आणि एका मुलाने लिहिलं, की जॉनने पत्नीच्या विचारांचा आदर केला. अरे, हसला तो! ज्याला स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी राजाशी लढायचं होतं, तो बायकोच्या मागण्यावर हसला. त्याच साली ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, त्यात ती कुठेच नव्हती. तुम्ही आदर लिहिलात, कारण मोठा माणूस म्हटलं की त्याने आदरच केला असणार.

आणि आपल्या त्याच पत्रात अबिगेल साबणाबद्दल लिहिते, ते कुणी वाचलं? नवऱ्याने विचारलं होतं, बंदुकीच्या दारूसाठी लागतो तो सोरा घरी करून बघितलास का. ती कळवते, की अजून नाही, आधी साबण करायचा आहे, मग बघेन. घरातल्यांचे कपडे करता करताच माझा दिवस जातो, नाहीतर पोरं उघडी राहतील. बोस्टनमध्ये देवीची साथ आहे, म्हणून तिथलं आपलं घर बघायला जायची हिंमत होत नाही. त्या घरात इंग्रजांच्या पलटणीचा डॉक्टर राहून गेला, घर घाण करून गेला. नवरा दूर, शेत हिच्या अंगावर, पोरं हिच्या अंगावर, कपडे आणि साबण हिच्या अंगावर, आणि लढाईची दारूही हिने करावी अशी अपेक्षा. यातून ती राज्याच्या कायद्यापर्यंत येते. मागणं आकाशातून पडलेलं नाही, साबणाच्या कढईपाशी उभं राहून केलेलं आहे. व्हर्जिनियातले लोक दुसऱ्यांना गुलाम करून ठेवतात, त्यांना स्वातंत्र्याची खरी ओढ कितीशी असणार, अशी शंकाही तिने याच पत्रात काढली आहे. सावित्रीबाईंनी भावाला विचारलं ते आणि हे शेजारी ठेवून बघा. दोघी जवळच्या माणसांना विचारतायत, की तुम्हाला तुमच्यापुरतंच का कळतं. एवढी दोन वाक्यं कुणी लिहिली असती तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

आता मुलींकडे वळते. माना वर करा. तुम्हालाही सूट नाही.

तुमच्यातल्या एकीने शेवटी लिहिलंय, की आज स्त्री सर्व क्षेत्रांत पुढे आहे, तिला पूर्ण स्वातंत्र्य मिळाले आहे. तिचं नाव घेत नाही. तिची आई दसऱ्यानंतर कर्नाटकात उसाला गेलेली आहे. ती स्वतः पाचला उठते, दोन धाकट्यांच्या भाकरी करते, म्हातारीला आंघोळ घालते आणि सव्वा सातला शाळेत असते. हे तिने मला व्हरांड्यात सांगितलं, तेव्हा तिचे हात चुलीच्या राखेने पांढरे होते. मग कागदावर हे काय लिहिलंस? जे डोळ्याने रोज बघतेस ते लिहायची लाज वाटली, आणि जे कधी बघितलं नाहीस ते सुवाच्य अक्षरात लिहिलंस. अबिगेलने साबण लिहिला, तू भाकर का नाही लिहिलीस? मला दया दाखवायची नाही, म्हणून स्पष्ट बोलते. तुला ५ गुण दिलेत. तुझ्याकडे २० चं लिहिण्यासारखं होतं.

उसाचं निघालंच आहे तर बसा अजून थोडं. बाहेर पाणी प्यायला कुणी जायचं नाही.

तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी कोयता आहे. कोयता म्हणजे काय, सांगा. हत्यार. आणि दुसरा अर्थ? हं, नवरा-बायकोची जोडी. मुकादम विचारतो, किती कोयते. एका कोयत्यात दोन माणसं. बाई एकटी असेल तर अर्धा कोयता. पुरुष एकटा असला तरी अर्धाच, हे खरं, पण उचल, मुकादमाचे आगाऊ पैसे, कुणाच्या हातात पडते? उचलीचा कागद होतो तेव्हा त्यावर अंगठा किंवा सही कुणाची असते? आई मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरते, खोपीत परत येऊन स्वयंपाक करते. कागदावर तिचं नाव असतं का? तुम्ही म्हणता, आमच्या घरात काही ऐतिहासिक साधनं नाहीत मॅडम. मुकादमाचा तो कागद काय आहे? २०० वर्षांनी आपल्या कुंभार पिंपळगावातला असा एक कागद कुणाला सापडला, तर तो समजेल की ऊस एकट्या पुरुषांनी तोडला. आणि तुमच्यासारखं वाचणारा असला तर तो तसंच लिहून टाकेल. लग्नानंतर बाईची कमाई नवऱ्याच्या नावावर, हे अबिगेलच्या गावाबद्दल मी सांगत होते तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तुमच्या घराबद्दल सांगत होते मी.

कागदात जे नाही ते विचारायची सवय तुम्हाला लागलेली नाही. इथून जांब काही लांब नाही. समर्थ रामदासांची जन्मभूमी म्हणून आपण पोरांना सहलीला नेतो, आणि लग्नाच्या मांडवात 'सावधान' ऐकून नारायण, म्हणजे समर्थ, उठून गेला, ही कथा तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. मी इथे इतकी वर्षं शिकवते. मांडवात बोहल्यावर उभी राहिलेली ती मुलगी, तिचं पुढे काय झालं, असं आजपर्यंत एकाही विद्यार्थ्याने मला विचारलेलं नाही. समर्थांवरची श्रद्धा या प्रश्नाने कमी होत नाही. त्यांची आई राणूबाई डोळे लावून बसली, तेही आपण सांगतो. मग त्या मुलीबद्दल निदान एक प्रश्न तरी मनात यावा.

आता रेघ मारलेल्या त्या वाक्याकडे या. लोक नावं ठेवतात, ते मला सहन होत नाही.

या वर्गात एक मुलगा आहे. कोण ते त्याला ठाऊक आहे, बाकीच्यांनी एकमेकांकडे बघायचं नाही. त्याचा कागद सगळ्यांत नीटनेटका आहे. अक्षर सुंदर, समास आखलेला, दोन ठिकाणी लाल शाई. त्याने लिहिलंय, की सावित्रीबाईंच्या भावाची बुद्धी संकुचित होती आणि अशा प्रवृत्तीचा आपण धिक्कार केला पाहिजे. धिक्कार. परवा, गुरुवारी, मधल्या सुट्टीत तोच मुलगा माझ्याकडे आला. त्याची बहीण आपल्याकडेच नववीत आहे. तिचं नाव शाळेतून काढायचा अर्ज त्याच्या हातात होता. मी विचारलं, का रे? मार्क चांगले आहेत, परीक्षा तोंडावर आहे. तो म्हणाला, मॅडम, येताना-जाताना पोरं थांबतात, लोक बोलतात, आम्हाला ऐकून घेववत नाही.

बाळा, मी त्या दिवशी तुला काही बोलले नाही. तुझा कागद वाचायचा होता. आता बोलते, सगळ्यांसमोर, कारण हे तुझ्या एकट्याचं नाही. तू वाईट मुलगा नाहीस. बहिणीला ताप आला तेव्हा तूच तिला मोटारसायकलवर अंबडला नेलंस, हे मला माहीत आहे. नायगावचा भाऊही वाईट नव्हता. त्यानेही बहिणीचं दुखणं काढलं, आणि त्यालाही लोकांचं बोलणं सहन होत नव्हतं. पण ते बोलणं ज्यांच्या तोंडून येत होतं त्यांच्याकडे तो गेला नाही. बहिणीलाच म्हणाला, तू सोड. तूही तेच केलंस. रस्त्यात थांबणारी पोरं कोण आहेत? त्यातली दोन या वर्गात बसतात, तुझे मित्र आहेत. त्यांना तू काय म्हणालास? काही नाही. त्यांच्या शाळेत येण्यावर बंदी आली का? नाही. नाव तिचं कापायचं. ज्या भावाचा धिक्कार करून तू लाल शाईने रेघ ओढलीस, त्याचं वाक्य परवा तुझ्याच तोंडून निघालं होतं, आणि तुला ते ओळखता आलं नाही. वाचलं असतंस तर ओळखलं असतंस. खरंच वाचलं असतंस तर तुझं पेन तिथे अडलं असतं.

आणि ते दोघं, तुम्हीही मला माहीत आहात. सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये यायचं. पालकांना फोन करायचा की नाही ते तुमचं ऐकून मग ठरवेन.

बाळा, रडू नकोस. मी तुला हिणवण्यासाठी उभी नाही. सावित्रीबाईंनी भावाची केलेली कानउघाडणी आठव. तिने त्याच्याशी बोलणं तोडलं नाही, त्याला गाय दाखवली, बकरी दाखवली, नाग दाखवला, आणि विचारलं, कारण सांग. मीही तुला तेच विचारते. नववीतली मुलगी घरी बसवून गावाचं तोंड बंद कसं होतं, याचं कारण मला सांग. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरवा म्हणून हेच गाव बोलेल. अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हे तुला नागरिकशास्त्रात आलंय, त्यावर तू गुणही घेतलेस.

आता सगळ्यांनी लिहून घ्या. हे कागद मी परत देते आहे, गुण खोडलेत. सोमवारी नवीन लिहून आणायचं, दोन पानं, जास्त नको. पहिल्या पानावर नायगावचं पत्र. कुणी, कुठून, कुणाला, कोणत्या अवस्थेत, काय सांगायला आणि काय न सांगता लिहिलं. पत्रात नसलेला एक शब्द दिसला तर पान फाडीन. दुसऱ्या पानासाठी घरातला एक कागद शोधायचा. उचलीची चिठ्ठी, सातबारा, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, दवाखान्याची पावती, काहीही चालेल. त्यात आईचं किंवा आजीचं नाव कुठे आहे आणि कसं आहे ते बघायचं. नसेल तर त्या कागदामागचं काम कुणी केलं, ते तिलाच विचारायचं आणि ती सांगेल तसं, तिच्या शब्दांत लिहायचं. तुमची भाषा घालायची नाही. जिची आई उसाला गेली आहे तिने फोनवर विचारावं. रेंज नसेल तर म्हातारीला विचारावं, तीही वीस वर्षं गेलेली आहे.

आणि तू. तुझा तो अर्ज मी पुढे दिलेला नाही, या पुस्तकात ठेवला आहे. त्यावर तुझी सही आहे, वडिलांची आहे. जिचं नाव काढायचं तिची नाही. सोमवारी सकाळी पहिल्या तासाआधी तिला घेऊन ये. तू दाराबाहेर थांब, मला आधी तिच्याशी बोलायचं आहे.